डेटाबेसमधली रेंज पायथनमध्ये ऑब्जेक्ट म्हणून कशी मांडावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महापे येथील एका छोट्या टीमने लिव्ह अँड लायसन्स करारांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहायला घेतले आहे. डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि कराराची मुदत त्यांनी डेटरेंज या प्रकारच्या, म्हणजे तारखांची रेंज (दोन टोकांमधली सलग मूल्ये) साठवणाऱ्या, एकाच कॉलममध्ये ठेवली आहे. १ एप्रिल २०२५ ते २८ फेब्रुवारी २०२६, दोन्ही दिवस धरून, असा नेहमीचा अकरा महिन्यांचा करार त्यांनी साठवला. तो परत वाचला तेव्हा वरचे टोक १ मार्च २०२६ असे आले आणि भाडेकरूला जाणाऱ्या पत्रात तीच तारीख छापली गेली. हा डेटाबेसचा दोष आहे का, आणि पायथनच्या बाजूला ‘सुरुवात’ व ‘शेवट’ अशी दोन फील्ड ठेवावीत की स्वतंत्र क्लास लिहावा, असे त्यांनी विचारले आहे.

दोष डेटाबेसचा नाही, आणि क्लास जरूर लिहावा. मात्र तो दोन तारखा एकत्र बांधणारे गाठोडे नसावा. डेटाबेस रेंजला जे नियम लावतो तेच नियम त्या क्लासलाही लागू असले पाहिजेत, नाहीतर दोन्ही बाजूंना एकाच कराराविषयी दोन वेगवेगळी उत्तरे मिळू लागतात. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याचे आहे.

पोस्टग्रेसमध्ये रेंज हे प्रकार २०१२ सालच्या ९.२ या आवृत्तीपासून आहेत. अंगभूत प्रकार सहा आहेत : दोन पूर्णांकांचे, एक दशांश संख्यांचा, एक तारखांचा आणि दोन वेळेचे, त्यांपैकी एक टाइमझोनसह व एक त्याविना. यांतले पूर्णांकांचे दोन आणि तारखांचा एक हे तीन प्रकार सुट्या मूल्यांचे आहेत, म्हणजे त्यांत प्रत्येक मूल्याला ‘पुढचे मूल्य’ असते. २८ फेब्रुवारीनंतर लगेच १ मार्च येतो, मध्ये दुसरे काही नसते. त्यामुळे ‘२८ फेब्रुवारी धरून’ आणि ‘१ मार्च सोडून’ या दोन मांडण्यांत नेमके तेच दिवस येतात, आणि पोस्टग्रेस अशा सगळ्या मांडण्या एकाच प्रमाणित रूपात आणून साठवते. त्या रूपात खालचे टोक समाविष्ट असते आणि वरचे वगळलेले असते. चौकोनी कंस समाविष्ट टोकासाठी आणि साधा कंस वगळलेल्या टोकासाठी, या पद्धतीने लिहिल्यास आपला करार [२०२५-०४-०१, २०२६-०३-०१) असा दिसतो. आपण दोन्ही बाजूंना चौकोनी कंस देऊन पाठवला असला तरी साठवताना तो असाच होतो, आणि हे वागणे बंद करण्याची सोय नाही. तशी सोय नसणे योग्यच आहे, कारण दोन रेंज समान आहेत की नाहीत हे या प्रमाणित रूपामुळेच सरळ तुलना करून सांगता येते.

हे रूप कागदावरच्या भाषेपेक्षा वेगळे असले तरी हिशेबाला फार सोयीचे आहे. वरच्या टोकातून खालचे टोक वजा केले की दिवसांची संख्या मिळते. आपल्या करारात ती ३३४ येते, आणि कुठेही एक मिळवावा किंवा वजा करावा लागत नाही. अकरा महिन्यांचा करार म्हणजे सुरुवातीच्या तारखेत अकरा महिने मिळवणे, एवढेच. १ एप्रिल २०२७ रोजी सुरू होणाऱ्या कराराचा शेवटचा दिवस लीप वर्षामुळे २९ फेब्रुवारी २०२८ असेल, तरी वगळलेले टोक नेहमीप्रमाणे १ मार्चच राहते आणि कोडमध्ये फेब्रुवारीसाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. नूतनीकरणाचा करार १ मार्चपासून सुरू झाला, तर जुन्याचे वरचे टोक आणि नव्याचे खालचे टोक हे एकच मूल्य असते, आणि दोन मुदती लगत आहेत हे एका समानतेच्या चिन्हाने तपासता येते. म्हणून माझे ठाम मत आहे की क्लासच्या आत हेच रूप ठेवावे आणि ‘धरून’ असलेली तारीख फक्त माणसांशी बोलण्याच्या जागी काढावी.

त्या जागा दोनच आहेत. फॉर्ममधून आलेल्या दोन तारखांवरून ऑब्जेक्ट तयार करताना एक दिवस मिळवावा लागतो, आणि पत्रात, पावतीत किंवा स्क्रीनवर तारीख दाखवताना एक दिवस वजा करावा लागतो. क्लासचे नाव ‘मुदत’ आहे असे धरू. तिला ‘दोन्ही दिवस धरून’ अशा अर्थाचे नाव असलेली एक तयार करण्याची पद्धत द्यावी, ‘शेवटचा दिवस’ या नावाची एक वाचण्याची प्रॉपर्टी द्यावी, आणि वगळलेले टोक ज्यात आहे त्या फील्डला ‘शेवट’ असे फसवे नाव कधीही देऊ नये. ‘पुढचा मोकळा दिवस’ हे नाव लांब वाटेल, पण पत्राचे टेम्प्लेट लिहिणारा तरुण सहकारी ते नाव पाहून तीच तारीख पत्रात छापणार नाही. आपल्याकडे झालेली चूक नेमकी इथे झाली : डेटाबेसने दिलेले वरचे टोक कोणत्याही टप्प्यावर अर्थ न लावता थेट टेम्प्लेटपर्यंत पोहोचले. करारनामा नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे, त्यामुळे नोंदणीकृत कागदावर एक तारीख आणि आपल्या पत्रात दुसरी, हा फरक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

दशांश संख्यांची आणि वेळेची रेंज मात्र वेगळी वागते. तिथे ‘पुढचे मूल्य’ नसल्याने पोस्टग्रेस टोके जशी दिली तशीच ठेवते. आपल्या भागातले उदाहरण महावितरणच्या घरगुती वीजबिलाच्या टप्प्यांचे आहे : १ ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. युनिट पूर्णांकात असतील आणि कॉलम पूर्णांकांच्या रेंजचा असेल, तर [१, १००] आणि [१०१, ३००] हे टप्पे एकमेकांना लागून आहेत असे डेटाबेस सांगेल, कारण त्यांची प्रमाणित रूपे [१, १०१) आणि [१०१, ३०१) अशी होतात. तेच टप्पे न्यूमरेंजमध्ये, म्हणजे दशांश संख्यांच्या रेंजमध्ये, ठेवले तर १०० आणि १०१ यांच्यामध्ये फट राहते आणि १००.५ युनिट कोणत्याच टप्प्यात बसत नाहीत. म्हणून दोन रेंज समान आहेत का, लगत आहेत का, या प्रश्नांचे उत्तर टोकांच्या आकड्यांवर आणि कंसांवर जितके अवलंबून आहे तितकेच मूल्यांच्या प्रकारावरही आहे. ज्या ऑब्जेक्टला आपला प्रकार माहीत नाही, त्याला ही उत्तरे नीट देता येत नाहीत.

आता ड्रायव्हर, म्हणजे पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी, आपल्या हातात काय देतो ते पाहू, कारण बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो. सायकोपीजी २ हा ड्रायव्हर पूर्णांकांच्या दोन्ही आणि दशांशाच्या रेंजसाठी न्यूमेरिकरेंज हा एकच क्लास वापरतो. सायकोपीजी ३ मध्ये पाठवताना प्रकारागणिक वेगळे क्लास उपलब्ध आहेत, पण वाचताना सर्व अंगभूत रेंज एकाच सामान्य रेंज क्लासमध्ये येतात. हा क्लास खालचे टोक, वरचे टोक, कंस आणि ‘रिकामी आहे का’ एवढे जसेच्या तसे वाहून आणतो. तो प्रमाणित रूप करत नाही. परिणामी आपण १ एप्रिल ते २८ फेब्रुवारी दोन्ही बाजूंना चौकोनी कंस देऊन एक ऑब्जेक्ट तयार केला, तो साठवला आणि त्याच ओळीतून परत वाचला, तर पायथनच्या मते ते दोन ऑब्जेक्ट असमान असतात, आणि डेटाबेसच्या मते मात्र ती एकच रेंज असते. तसेच [५, ५) ही रेंज डेटाबेसमध्ये पोहोचताच रिकामी ठरते, पायथनमधला क्लास मात्र तोपर्यंत तिला रिकामी म्हणत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : हा क्लास रिकामा असेल तर इफच्या अटीत असत्य ठरतो, आणि नन (पायथनमधले ‘मूल्य नाही’ हे चिन्ह) हेही असत्य ठरते. ‘मुदत नोंदवलेलीच नाही’ आणि ‘मुदतीत एकही दिवस नाही’ या दोन वेगळ्या स्थिती एका बेफिकीर अटीमुळे एक होतात.

ड्रायव्हरने असे वागणे मला मान्य आहे, कारण त्याचे काम मूल्ये वाहून नेण्याचे आहे आणि व्यवहाराचे नियम त्याला माहीत असणे शक्य नाही. म्हणून ड्रायव्हरचा क्लास वाहतुकीच्या थरातच ठेवावा आणि त्याच्या वर आपला छोटा, न बदलणारा क्लास असावा. पायथनमध्ये फ्रोझन डेटाक्लास यासाठी पुरेसा आहे. दोन्हींमधले रूपांतर एकाच ठिकाणी लिहावे : एसक्यूएल-अल्केमी ही डेटाबेस लायब्ररी वापरत असाल तर तिच्या टाइप-डेकोरेटरमध्ये, जँगो हे वेब फ्रेमवर्क वापरत असाल तर आपल्या स्वतःच्या फील्ड क्लासमध्ये. एसक्यूएल-अल्केमीने २.० आवृत्तीपासून ड्रायव्हरवर अवलंबून नसलेला स्वतःचा रेंज क्लास दिला आहे आणि त्यात छेद (सामाईक भाग), संयोग (दोन्ही मिळून होणारी रेंज), लगत असणे अशा क्रिया आहेत. सर्वसाधारण कामाला तो चांगला आहे. तरीही कराराच्या मुदतीला कंस निवडण्याची मुभाच नसावी, आणि ती मुभा काढून घेण्यासाठी आपला क्लास लागतो.

अमर्याद टोकाकडे जास्त लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. ‘पुढील सूचनेपर्यंत’ चालणारी मुदत पोस्टग्रेसमध्ये वरचे टोक मोकळे ठेवून लिहितात, आणि पायथनमध्ये ते टोक नन म्हणून येते. इथे ननचा अर्थ ‘माहीत नाही’ असा नसून ‘सीमा नाही’ असा असतो, आणि तो कोणत्या बाजूला आहे त्यावर त्याचे स्थान ठरते : खालच्या टोकाला नन म्हणजे सगळ्या तारखांच्या आधी, वरच्या टोकाला नन म्हणजे सगळ्या तारखांच्या नंतर. पोस्टग्रेसच्या सी भाषेतल्या कोडमध्ये टोकासाठी रेंजबाउंड नावाची रचना आहे आणि तिच्यात चार गोष्टी असतात : मूल्य, टोक अमर्याद आहे का, समाविष्ट आहे का, आणि ते खालचे टोक आहे का. ही चौथी गोष्ट प्रथमदर्शनी अनावश्यक वाटते, पण तिच्याशिवाय दोन टोकांची तुलनाच करता येत नाही. आपल्या क्लासमध्येही टोकांची तुलना करणारे एकच खाजगी फंक्शन असावे, त्याला बाजू सांगावी, आणि बाकीच्या सर्व पद्धतींनी तेच वापरावे. जागोजागी ‘नन असेल तर’ अशा अटी लिहिल्या, की त्यांतली एखादी उलट्या बाजूने लिहिली जाते आणि ती चूक महिनोन्‌महिने दिसत नाही.

याच्या जवळची पण निराळी गोष्ट म्हणजे ‘इन्फिनिटी’ ही तारीख. पोस्टग्रेसच्या दृष्टीने ते एक मूल्य आहे, टोक मोकळे असणे नव्हे. वरचे टोक इन्फिनिटी असलेल्या रेंजला ‘तुझे वरचे टोक अमर्याद आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असे येते. पायथनच्या तारखेत इन्फिनिटी नाही. सायकोपीजी २ तिला ३१ डिसेंबर ९९९९ करतो आणि परत साठवताना तीच खरीखुरी तारीख डेटाबेसमध्ये जाते. सायकोपीजी ३ सरळ एरर देतो. टेबलवर एक चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे प्रत्येक ओळीने पाळायची अट, लावून इन्फिनिटी टोक म्हणून येऊच देऊ नये, हा उपाय साधा आणि पक्का आहे.

आता क्रिया. दोन मुदतींचा छेद घेतला आणि सामाईक दिवस नसतील तर पोस्टग्रेस रिकामी रेंज देते. वजाबाकीत मात्र अडचण येते. घर १ एप्रिल ते ३१ मार्च उपलब्ध आहे आणि १० ते २० डिसेंबर त्यात दुरुस्ती आहे, असे समजा. उपलब्ध काळातून दुरुस्तीचा काळ वजा केला तर दोन तुकडे उरतात आणि एका रेंजमध्ये ते मावत नाहीत, म्हणून पोस्टग्रेस एरर देते. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन रेंजचा संयोग करतानाही तसेच होते. २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत आलेले मल्टीरेंज प्रकार याच गरजेतून आले. डेट-मल्टीरेंजमध्ये असे कितीही तुकडे क्रमाने राहतात, आणि लगतचे तुकडे आपोआप जोडले जातात.

आपल्या क्लासमध्ये मी पुढील रचना करेन. एक ‘मुदत’ कधीही रिकामी नसते. तयार करतानाच खालचे टोक वरच्यापेक्षा लहान आहे हे तपासले जाते आणि तसे नसेल तर एरर येते. छेद, संयोग आणि वजाबाकी या तिन्ही क्रिया ‘मुदतींचा संच’ परत करतात, ज्यात शून्य, एक किंवा अधिक तुकडे असतात. रिकामी रेंज म्हणजे रिकामा संच, त्यासाठी वेगळे चिन्ह लागत नाही. या रचनेचा मोठा लाभ असा, की कोणत्याही क्रियेचे उत्तर त्याच प्रकारात राहते आणि पुढच्या क्रियेला तसेच देता येते. मध्ये एरर पकडावी लागत नाही आणि ननही तपासावे लागत नाही. डेटाबेसच्या बाजूला या संचाचे जुळते रूप डेट-मल्टीरेंज आहे आणि सायकोपीजी ३ ला ते वाचता येते.

पायथनपुरती एक खबरदारी घ्यावी. डेटटाइम हा क्लास डेट या क्लासचा वारस आहे, त्यामुळे ‘हे मूल्य डेट आहे का’ अशी नेहमीची तपासणी डेटटाइमलाही होकार देते. असे मूल्य मुदतीत शिरले, की ते शिरताना काही होत नाही. नंतर कधीतरी दुसऱ्या मुदतीशी तुलना करताना टाइप-एरर येते, आणि तोवर मूळ जागा शोधणे कठीण झालेले असते. तयार करतानाच प्रकार नेमका डेट आहे हे तपासावे. सोसायटीच्या सभागृहाचे बुकिंग याच प्रणालीत आणण्याचा विचार असेल, तर त्यासाठी टाइमझोनसह वेळेची रेंज वापरावी आणि तिचा क्लास पूर्णपणे वेगळा ठेवावा. तिथे दिवस हा भारतीय वेळेनुसार ठरवावा लागतो : १ एप्रिल सुरू होतानाची मध्यरात्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ३१ मार्चचे १८.३० असते, आणि सर्व्हर यूटीसीवर चालत असेल तर त्या वेळेतून नुसती तारीख काढल्यास बुकिंग आदल्या दिवशी दिसते.

इतर भाषांविषयी थोडक्यात सांगतो. रुबीच्या रेंजमध्ये वरचे टोक वगळता येते पण खालचे वगळता येत नाही, त्यामुळे खालचे टोक वगळलेला न्यूमरेंज वाचताना रेल्स या रुबीच्या वेब फ्रेमवर्कला एरर द्यावी लागते. रस्टमध्ये टोकासाठी ‘समाविष्ट, वगळलेले, अमर्याद’ अशा तीन शक्यतांचा बाउंड प्रकार प्रमाण लायब्ररीतच आहे, आणि एसक्यूएलएक्स या रस्टच्या डेटाबेस लायब्ररीचा रेंज प्रकार त्यावरच उभा आहे. ही मांडणी मला सर्वांत स्वच्छ वाटते. जावाच्या ग्वावा लायब्ररीतला रेंज क्लास चांगला आहे, फक्त त्यात [३, ३) आणि [४, ४) या दोन्ही रिकाम्या असूनही असमान ठरतात, तर डेटाबेसमध्ये रिकामी रेंज एकच असते.

क्लास कितीही चांगला लिहिला तरी एका घरावर दोन करारांच्या मुदती एकमेकींवर चढू नयेत, हे काम त्याच्यावर सोपवू नये. दोन कर्मचारी एकाच क्षणी दोन करार नोंदवत असतील, तर दोघांच्याही प्रोग्रामला घर मोकळेच दिसेल. त्यासाठी एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आहे : घराचा क्रमांक समान आणि मुदती एकमेकींवर चढलेल्या, अशा दोन ओळी टेबलमध्ये राहूच शकत नाहीत. घराच्या क्रमांकाची समानता जिस्ट इंडेक्समध्ये (रेंजसाठी वापरला जाणारा इंडेक्स, ज्यावर हा कन्स्ट्रेंट चालतो) तपासता यावी म्हणून बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन लागते. नियम मोडला की डेटाबेस २३पी०१ हा एरर कोड देतो. तो रूपांतराच्या थरातच पकडून ‘या घरावर या काळात दुसरा करार आहे’ अशा स्पष्ट एररमध्ये बदलावा. रिकामी रेंज कोणत्याही रेंजवर चढत नाही, म्हणून ती या कन्स्ट्रेंटमधून निसटते. नल, म्हणजे न भरलेले, मूल्यही निसटते. कॉलम नॉट-नल करून ‘रिकामी नसावी’ असा चेक लावणे त्यामुळे आवश्यक आहे. १८ व्या आवृत्तीत प्रायमरी की आणि युनिक की यांना ‘विदाउट ओव्हरलॅप्स’ असे लिहिता येते आणि तिथे रिकामी रेंज नाकारलीच जाते. शोध घेतानाही प्रश्न रेंजच्या भाषेत विचारावा : ‘आज चालू असलेले करार’ काढताना मुदतीत आजची तारीख आहे का असे विचारले तर जिस्ट इंडेक्स वापरला जातो, पण खालचे आणि वरचे टोक वेगळे काढून तुलना केली तर तो वापरला जात नाही.

राहिली तपासणी. क्लास आणि डेटाबेस यांचे नियम खरोखर एक आहेत हे पाहण्यासाठी पाच लागोपाठच्या तारखा घ्याव्यात आणि त्यांच्यापासून होणाऱ्या सर्व रिकाम्या नसलेल्या मुदती तयार कराव्यात. दोन्ही टोके असलेल्या १०, एक टोक मोकळे असलेल्या १० आणि दोन्ही टोके मोकळी असलेली १, अशा त्या २१ होतात, आणि त्यांच्या जोड्या ४४१. संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये मांडलेली दोन कालखंडांमधली तेराही नाती चार तारखांतच सापडतात, त्यामुळे पाच तारखांत कोणतेही नाते सुटत नाही. प्रत्येक जोडीसाठी समानता, लगत असणे, एकमेकींवर चढणे, छेद, संयोग आणि वजाबाकी यांची उत्तरे आपल्या क्लासकडून घ्यावीत, तेच प्रश्न मल्टीरेंजच्या रूपात पोस्टग्रेसला विचारावेत आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहावे. पहिल्या वेळी जोड्या न जुळल्या तर बहुधा त्या मोकळ्या टोकांच्या असतील. तुलना करणारे ते खाजगी फंक्शन तिथे आधी तपासावे.